ओ. हेन्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केस विकणारी बायको आणि भिंतीवरचं शेवटचं पान, या दोन गोष्टी आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतात. लेखकाचं नाव घेतलं की मात्र 'तो शेवटी धक्का देणारा ना?' एवढ्यावर बोलणं संपतं. त्याच्या गोष्टींतला शेवट बाजूला ठेवला तरी पुष्कळ काही उरतं, आणि जे उरतं तेच जास्त टिकाऊ आहे, असं माझं ठाम मत आहे. आठवड्याच्या पगारात न बसणारा संसार, ओढाताण झाकून हसतमुख राहणारी माणसं, आणि एकदा घसरलेल्याला परत उभं राहता येईल का हा प्रश्न, हे त्याचे कायमचे विषय. त्याच्या स्वतःच्या आयुष्यात हे तिन्ही होतं. म्हणून इथे आयुष्य आणि गोष्टी वेगवेगळ्या न ठेवता एकत्रच सांगितल्या आहेत.

(सूचना: काही प्रसिद्ध गोष्टींचे शेवट खाली उघड केले आहेत. न वाचलेल्यांनी आधी शेवटचा प्रश्न पाहावा.)

ओ. हेन्री हे त्याचं खरं नाव होतं का?

नाही. खरं नाव विल्यम सिडनी पोर्टर. जन्म ११ सप्टेंबर १८६२ चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो गावी. तेव्हा तिथे यादवी युद्ध चालू होतं. वडील अल्जर्नन पोर्टर डॉक्टर. आई मेरी जेन क्षयाने गेली तेव्हा विल्यम तीन वर्षांचा होता. पुढे आजीने आणि लीना आत्याने त्याला वाढवलं. आत्या शाळा चालवायची. गोष्ट सांगण्याची आणि पुस्तकांची गोडी तिच्याच शाळेत लागली.

मग हे टोपणनाव आलं कुठून?

याची निदान तीन-चार उत्तरं प्रचलित आहेत. १९०९ मध्ये एका मुलाखतीत त्याने स्वतः सांगितलं की, न्यू ऑर्लिन्समध्ये असताना वर्तमानपत्रातल्या बड्या लोकांच्या यादीतून 'हेन्री' हे आडनाव उचललं आणि 'ओ' हे लिहायला सगळ्यात सोपं अक्षर म्हणून पुढे लावलं. दुसऱ्या मताप्रमाणे हे नाव औषधशास्त्राच्या ग्रंथातल्या एका फ्रेंच औषधनिर्मात्याचं आहे. तिसरं मत, तो पुढे ज्या तुरुंगात होता तिथल्या ऑरिन हेन्री नावाच्या पहारेकऱ्याकडे बोट दाखवतं. मुलाखतीतलं उत्तर त्याचंच असलं तरी ते पूर्ण धरून चालू नये असं मला वाटतं. त्या काळात तुरुंगवासाची गोष्ट तो सगळ्यांपासून लपवत होता, आणि टोपणनावाची कहाणी तुरुंगाच्या आसपासच घडलेली आहे.

लेखक होण्याआधी तो काय करायचा?

बरंच काही. काकांच्या औषधाच्या दुकानात काम करत १८८१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याने औषधविक्रेत्याचा परवाना मिळवला. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांची चित्रं काढायची त्याला सवय होती. हात चांगला होता. खोकला हटेना म्हणून १८८२ मध्ये हवापालटासाठी तो टेक्सासला गेला आणि ला साल परगण्यात ओळखीच्यांच्या मेंढ्यांच्या कुरणावर राहिला. तिथे स्वयंपाक केला, पोरं सांभाळली, थोडी स्पॅनिश शिकला आणि खूप वाचलं.

१८८४ मध्ये तो ऑस्टिनला आला. १८८७ मध्ये अ‍ॅथल एस्टिस या तरुणीशी त्याने घरच्यांना न सांगता, पळून जाऊन लग्न केलं. तिलाही क्षयाची बाधा होती. त्याच वर्षी टेक्सासच्या जमीन कार्यालयात नकाशे काढायची नोकरी लागली, पगार महिना १०० डॉलर. पहिला मुलगा जन्मल्यावर काही तासांतच गेला. १८८९ मध्ये मार्गारेट ही मुलगी झाली. जमीन कार्यालयाची ती किल्ल्यासारखी इमारत आणि तिथले सातबाऱ्यासारखे जुने दस्तऐवज पुढे त्याच्या गोष्टींत आले. 'बेहार स्क्रिप नंबर २६९२' ही त्यातली एक.

१८९१ मध्ये ती नोकरी सुटली आणि तो ऑस्टिनच्या फर्स्ट नॅशनल बँकेत रोखपाल झाला.

बँकेत अफरातफर केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, हे खरं आहे का? त्याने पैसे घेतले होते का?

शिक्षा झाली हे खरं. पैसे घेतले होते का, यावर चरित्रकारांचं आजवर एकमत झालेलं नाही.

ती बँक फार ढिलाईने चालायची. संचालक आणि त्यांचे मित्र गल्ल्यातून पैसे उचलायचे, चिठ्ठी ठेवली तर ठेवली, आणि दिवसाअखेर हिशेब जुळवायची जबाबदारी रोखपालाची. त्याच सुमारास पोर्टरने 'द रोलिंग स्टोन' नावाचं विनोदी साप्ताहिक चालवायला घेतलं होतं. खप दीड हजारापर्यंत गेला, पण त्यातून घर चालण्यासारखं नव्हतं. १८९५ मध्ये ते बंद पडलं. साप्ताहिकाची भोकं बुजवायला त्याने बँकेचा पैसा वापरला असावा, असं मानणारे अभ्यासक आहेत. तो दुसऱ्यांच्या हलगर्जीपणाचा बळी ठरला, असं मानणारेही आहेत.

सरकारी तपासनिसाला हिशेबात तूट सापडली आणि १८९४ च्या शेवटी पोर्टरची नोकरी गेली. स्थानिक लोकांना, इतकंच काय बँकेलाही, प्रकरण पुढे न्यायची फारशी इच्छा नव्हती. तपासनीस मात्र हटला नाही. १८९६ मध्ये आरोप ठेवला गेला. तोवर पोर्टर ह्यूस्टनच्या 'पोस्ट' दैनिकात सदर लिहू लागला होता. सासऱ्यांनी जामीन भरला.

या प्रसंगानंतर लिहिलेली 'फ्रेंड्स इन सॅन रोझारिओ' ही गोष्ट जरूर वाचावी. त्यात एक कडक तपासनीस अचानक बँकेत येऊन थडकतो आणि एक वयस्क बँक अध्यक्ष त्याला लांबलचक आठवण ऐकवत बसवून ठेवतो. का बसवून ठेवतो, ते गोष्टीतच कळू दे. तपासनिसाच्या बोटांखालून भराभर सरकणाऱ्या नोटा आणि नाण्यांचे ढीग त्यात इतक्या बारकाईने आले आहेत की काउंटरच्या आत उभं राहिल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

खटल्याला हजर न राहता तो पळाला, ते का?

जुलै १८९६ मध्ये खटल्यासाठी ऑस्टिनला जायला तो निघाला, वाटेत गाडी बदलली आणि न्यू ऑर्लिन्सला गेला. तिथून बोटीने थेट मध्य अमेरिकेतल्या होन्डुरासला. त्या देशातून आरोपींना अमेरिकेच्या ताब्यात देण्याचा करार तेव्हा नव्हता. बायको आणि मुलीला नंतर तिकडेच बोलावून घ्यायचा विचार होता, पण अ‍ॅथलचा आजार बळावला. ती प्रवास करू शकणार नाही हे कळल्यावर तो १८९७ च्या सुरुवातीला परत आला आणि न्यायालयापुढे हजर झाला. जुलै १८९७ मध्ये अ‍ॅथल गेली.

परतायचं कारण कायद्याची भीती नव्हती. अटक होणार हे माहीत असून तो बायकोच्या उशाशी आला. त्याच्या गोष्टींत माणसं ऐन वेळी स्वतःचं नुकसान पत्करतात आणि काही वाचकांना ते भाबडं वाटतं. हा लेखक स्वतः एकदा तसं वागला होता, हे त्यांनी लक्षात घ्यावं.

होन्डुरासमधल्या काही महिन्यांतून पुढे 'कॅबेजेस अँड किंग्ज' हे १९०४ चं त्याचं पहिलं पुस्तक आलं. फळांच्या कंपन्यांच्या तालावर नाचणाऱ्या छोट्या देशांना 'बनाना रिपब्लिक' म्हणतात. तो शब्दप्रयोग याच पुस्तकातून जगभर गेला.

तुरुंगात किती काळ होता? तिथेच लिहायला लागला का?

रक्कम ८५४ डॉलर आणि ८ सेंट, शिक्षा ५ वर्षं. २५ मार्च १८९८ रोजी तो ओहायो राज्यातल्या कोलंबस इथल्या तुरुंगात दाखल झाला. कैदी क्रमांक ३०६६४. चांगल्या वर्तणुकीमुळे २४ जुलै १९०१ रोजी, म्हणजे तीन वर्षं चार महिन्यांनी, सुटका झाली.

औषधविक्रेत्याचा परवाना इथे उपयोगी पडला. त्याला तुरुंगाच्या दवाखान्यात रात्रपाळी मिळाली, झोपायलाही तिथेच जागा. इतर कैद्यांच्या कोठड्या आणि मजुरी त्याच्या वाट्याला फारशी आली नाही. पण रात्री औषधं घेऊन फेरी मारताना आजारी, मार खाल्लेले, आत्महत्येचा प्रयत्न केलेले कैदी त्याने पाहिले. फेरी संपली की तो लिहायला बसायचा. लिखाण आधी करत नव्हता असं नाही. पण हप्त्याहप्त्याला पूर्ण गोष्ट लिहून ती विकायची शिस्त तिथे लागली. तुरुंगात असतानाच त्याच्या १४ गोष्टी वेगवेगळ्या टोपणनावांनी छापून आल्या. 'ओ. हेन्री' या नावाची 'व्हिसलिंग डिक्स ख्रिसमस स्टॉकिंग' ही गोष्ट डिसेंबर १८९९ च्या 'मॅक्लुअर्स' मासिकात आली. हस्तलिखितं न्यू ऑर्लिन्समधल्या एका परिचिताकडून पुढे जायची, त्यामुळे लेखक गजाआड आहे याचा पत्ता संपादकांना लागत नसे.

त्याच्या मुलीला हे माहीत होतं का?

नाही. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मार्गारेटला 'बाबा कामानिमित्त बाहेरगावी आहेत' असं सांगण्यात आलं. तो तुरुंगातून तिला गमतीदार पत्रं लिहायचा. तो सुटला तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

जगालाही हे कळलं ते त्याच्या मृत्यूनंतर. त्याचे बालपणीचे मित्र प्राध्यापक सी. अल्फॉन्सो स्मिथ यांनी १९१६ मध्ये चरित्र लिहिलं, तेव्हा ही हकिकत सर्वांपुढे आली. न्यूयॉर्कमध्ये तो छायाचित्र काढू द्यायला नाखूश असायचा आणि मुलाखती टाळायचा. लोकांना तो लाजरा स्वभाव वाटला. रस्त्यात कोणी जुना सहकैदी भेटेल, ही धास्ती त्याच्यामागे असावी.

'अ रिट्रीव्हड रिफॉर्मेशन' मधला तिजोरी फोडणारा जिमी व्हॅलेंटाइन खरा माणूस होता का?

तुरुंगात त्याच्यासोबत असलेल्या अल जेनिंग्ज या रेल्वे-दरोडेखोराने पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार, डिक प्राइस नावाच्या एका कैद्यावरून ही गोष्ट सुचली. जेनिंग्जला तिखटमीठ लावून सांगायची सवय होती, तेव्हा तपशील जपूनच घ्यावेत. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते गोष्टीत शेवटी जिमीच्या मागावरचा गुप्तहेर बेन प्राइस काय करतो ते. सगळं दिसत असून तो ओळख दाखवत नाही. सुटून आलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं?

न्यूयॉर्कचा आणि त्याचा काय संबंध?

सगळ्यात जवळचा, पण अवघा आठ वर्षांचा. 'एन्स्लीज' मासिकाच्या संपादकांनी बोलावल्यावर १९०२ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकाच्या रविवार आवृत्तीसाठी त्याने दर आठवड्याला एक गोष्ट द्यायचं कबूल केलं आणि अशा शंभरहून अधिक गोष्टी तिथे दिल्या. दिवसा, रात्री, कधीही तो रस्त्यांवरून हिंडायचा. खानावळी, बागेतली बाकं, भाड्याच्या खोल्या, मोठ्या दुकानांमधल्या विक्रेत्या मुली. बाकावर शेजारी बसलेल्याशी गप्पा मारून गोष्ट घेऊन उठायचा.

वॉर्ड मॅकअ‍ॅलिस्टर नावाच्या एका उच्चभ्रू गृहस्थाने म्हटलं होतं की न्यूयॉर्कमध्ये दखल घेण्यासारखी माणसं जेमतेम चारशे. ओ. हेन्रीने १९०६ च्या आपल्या संग्रहाचं नाव ठेवलं 'द फोर मिलियन'. जनगणना करणारा माणूस जास्त शहाणा, त्याने चाळीस लाख मोजले, असं त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं. संपूर्ण पुस्तकाची बाजू त्या एका आकड्यात ठरते.

'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' मधला १ डॉलर ८७ सेंटचा हिशेब चुकीचा आहे का?

हा प्रश्न खरोखरच फार विचारला जातो. गोष्ट १० डिसेंबर १९०५ च्या 'वर्ल्ड' मध्ये आली. पहिल्याच ओळींत डेलाकडे, म्हणजे केस विकणाऱ्या त्या बायकोकडे, १ डॉलर ८७ सेंट आहेत आणि त्यातले ६० सेंट एकेका सेंटच्या नाण्यांत आहेत. उरले १ डॉलर २७ सेंट. पाच, दहा, पंचवीसच्या नाण्यांनी २७ चा आकडा जुळत नाही, म्हणून लेखक गणितात चुकला, असं म्हणतात.

पण अमेरिकेत दोन सेंटचं नाणं १८७३ पर्यंत आणि तीन सेंटचं १८८९ पर्यंत पाडलं जात होतं. ती जुनी नाणी पुढेही चलनात होती. दोन सेंटचं एक नाणं मिळालं की हिशेब बसतो. आयुष्याची काही वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाबद्दल 'मोजायला चुकला' असं म्हणण्याआधी हे पाहायला हवं.

पुढचा हिशेबही त्याने चोख ठेवला आहे. फ्लॅटचं भाडं आठवड्याला ८ डॉलर. नवऱ्याचा, जिमचा, पगार पूर्वी ३० होता, आता २०. केसांचे २० डॉलर मिळाले, घड्याळाची साखळी २१ ला, आणि डेला घरी परतते ती ८७ सेंट घेऊन. भाजीवाल्याशी, खाटकाशी घासाघीस करून जमवलेली पै-पै आधी समोर ठेवली आहे म्हणूनच ती केस कापते तेव्हा आपल्याला लागतं. नुसतं 'ते गरीब होते' असं लिहिलं असतं तर शेवट पोकळ राहिला असता.

शीर्षकातले मॅजाय म्हणजे नवजात येशूसाठी भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष.

त्याची सगळ्यात दुर्लक्षित पण वाचायलाच हवी अशी गोष्ट कोणती?

माझ्या मते 'अ‍ॅन अनफिनिश्ड स्टोरी', 'द फोर मिलियन' मधलीच. डल्सी ही एका मोठ्या दुकानातली विक्रेती. पगार आठवड्याला ६ डॉलर. खोलीचं भाडं २ डॉलर. सकाळी कपडे करता करता दिव्याच्या गॅसवरच कॉफी आणि एक अंडं, खर्च १० सेंट. रविवारची चैन २५ सेंटची, वर वाढणारीला १० सेंट बक्षिसी.

आज एक पैसेवाला गृहस्थ तिला जेवायला नेणार आहे. पिगी त्याचं टोपणनाव. उपाशी मुलगी नुसत्या नजरेने ओळखण्यात तो तरबेज. त्यासाठी डल्सीने ५० सेंट देऊन नकली लेसची कॉलर घेतली. ते पन्नास सेंट खरं तर कशाचे होते? रात्रीचं जेवण १५, सकाळची न्याहारी १०, दुपारचं १०, शिलकीत १०, आणि उरलेले ५ ज्येष्ठमधाच्या गोळ्यांना. त्या गोळ्यांबद्दल लेखक सांगतो की ही उधळपट्टीच, जवळजवळ चंगळच, पण मौजेशिवाय जगणं ते काय?

त्या रात्री ती जात नाही. भिंतीवरच्या, ब्रिटिश सेनानी जनरल किचनरच्या तसबिरीची तिला लाज वाटते. पण लेखक लगेच सांगून टाकतो की हे आजचं झालं, पुढे कधी तरी ती जास्त एकटी असेल तेव्हा काय होईल ते वेगळं. म्हणून गोष्ट अपुरी. शेवटी निवाड्याच्या दिवशीचं स्वप्न येतं. पोलीस असलेला देवदूत बाजूच्या सुखवस्तू घोळक्याकडे बोट दाखवून निवेदकाला विचारतो, तू यांच्यातला का? हे कोण, असं विचारल्यावर कळतं, कामकरी मुलींना आठवड्याला पाच-सहा डॉलरवर राबवणारे हे मालक. त्यावर निवेदकाचं उत्तर असं की, छे, मी फक्त अनाथाश्रमाला आग लावली आणि पैशांसाठी एका आंधळ्याचा खून केला.

हा राग खरा आहे. ओ. हेन्री म्हणजे गोडगोड, असं ज्यांना वाटतं त्यांच्यापुढे मी हीच गोष्ट ठेवते.

शेवटची कलाटणी ही फक्त युक्ती आहे का?

काही गोष्टींत आहे. दर आठवड्याला एक लिहिताना ते टळणं अवघड. पण चांगल्या गोष्टींत तो सगळे पुरावे आधीच समोर मांडतो.

'आफ्टर ट्वेंटी इयर्स' घ्या. रात्री दहाच्या आसपास गस्तीवरचा पोलीस एका बंद दुकानाच्या दारात उभ्या माणसापाशी थांबतो. तो माणूस चिरूट पेटवायला काडी ओढतो, आणि उजेडात भुवईजवळचा छोटा पांढरा व्रण दिसतो, टायपिनमधला मोठा हिरा दिसतो. आपण ते वाचून पुढे जातो. वीस वर्षांपूर्वी ठरल्याप्रमाणे जिवलग मित्राला भेटायला आलोय, असं तो सांगतो. पोलीस विचारतो, वेळेवर आला नाही तर लगेच निघणार का? निदान अर्धा तास तरी थांबेन, असं उत्तर येतं. पोलीस 'शुभ रात्री' म्हणून जातो. पोलीस म्हणजेच तो मित्र जिमी, आणि शिकागोला हवा असलेला गुन्हेगार त्याने त्याच काडीच्या उजेडात ओळखला, हे चिठ्ठीतून कळल्यावर तो अर्ध्या तासाचा प्रश्न परत वाचावा. स्वतःच्या हाताने बेड्या घालायचं धैर्य नाही म्हणून दुसऱ्या शिपायाला पाठवायला किती वेळ आहे, हे तो विचारत होता. शेवट माहीत झाल्यावर गोष्ट जास्त चांगली वाटते, ही युक्तीपलीकडची गोष्ट आहे.

समीक्षक त्याला कमी लेखतात, ते का?

योगायोगांचा सुकाळ, भावुकपणा, आणि पात्रांच्या मनात खोल न उतरणं, हे आक्षेप रास्त आहेत. रशियन कथाकार चेकॉव्हनंतरच्या वाचकाला गाठ इतकी घट्ट बसलेली आवडत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गोष्टींतली कृष्णवर्णीयांची चित्रं साचेबंद आणि कित्येकदा अपमानास्पद आहेत. 'अ म्युनिसिपल रिपोर्ट' सारख्या उत्तम कथेतही ते खटकतं, आणि त्या काळाचं म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही.

रशियात मात्र त्याला फार मान मिळाला. बोरिस आयखेनबाउम या अभ्यासकाने १९२५ मध्ये त्याच्या आधारे लघुकथेच्या घडणीवर निबंध लिहिला. ओ. हेन्री कथेच्या रचनेशी जाणूनबुजून खेळतो, वाचकाला मध्येच थांबवून बोलतो, हे त्याने दाखवलं. १९६२ मध्ये सोव्हिएत सरकारने त्याच्यावर टपाल तिकीट काढलं. अमेरिकेने त्याच्या दीडशेव्या जयंतीला, २०१२ मध्ये, तिकीट काढलं.

'लुटेरा' आणि 'रेनकोट' हे चित्रपट त्याच्याच गोष्टींवर आहेत का?

हो. ऋतुपर्ण घोष यांचा 'रेनकोट' (२००४) 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' वरून सुचलेला, आणि 'लुटेरा' (२०१३) च्या उत्तरार्धात 'द लास्ट लीफ' आहे. मूळ गोष्टीत प्रेमकथा नाही. ग्रीनिच व्हिलेजमध्ये राहणाऱ्या सू आणि जॉन्सी या दोन चित्रकार मैत्रिणी आणि खालच्या मजल्यावरचा साठी उलटलेला, अपयशी चित्रकार बेहरमन, ही मुख्य माणसं. सीबीएसईच्या नववीच्या पुस्तकामुळे ती आपल्याकडच्या अनेकांनी शाळेतच वाचली.

त्याचा शेवट कसा झाला?

वाईट. कमाई चांगली होती, पण हातात पैसा टिकत नव्हता. संपादकांकडून आगाऊ घ्यायचे, मागेल त्याला द्यायचे, आणि पिणं वाढतच गेलं. १९०७ मध्ये त्याने बालपणीची मैत्रीण, स्वतः लेखिका असलेल्या सारा लिंडसे कोलमनशी लग्न केलं. ते दोनच वर्षं टिकलं. ५ जून १९१० रोजी न्यूयॉर्कमध्ये यकृताच्या आजाराने तो वारला. मधुमेह होता, हृदयही वाढलेलं. वय सत्तेचाळीस. 'दिवे मोठे करा, मला अंधारात घरी जायचं नाही,' हे त्याचे शेवटचे शब्द म्हणून सांगितले जातात. तेव्हाच्या एका लोकप्रिय गाण्याची ती ओळ होती.

ओ. हेन्री पुरस्कार त्यानेच सुरू केला का?

नाही, तो १९१९ मध्ये त्याच्या स्मरणार्थ सुरू झाला. विल्यम फॉकनर, फ्लॅनरी ओ'कॉनर यांच्यापासून झुम्पा लाहिरीपर्यंत अनेकांच्या कथांना तो मिळाला आहे. लाहिरींची कथा 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज', १९९९ ची.

त्याच्याशी संबंधित जागा पाहता येतात का?

टेक्सासमध्ये राहणाऱ्यांना सोपं आहे. ऑस्टिनमध्ये तो १८९३ ते १८९५ राहत होता ते छोटं घर आता संग्रहालय आहे. दर वर्षी मे महिन्यात शहरात त्याच्या नावाने शब्दांवरच्या कोट्यांची स्पर्धा भरते. ही प्रथा १९७८ पासूनची. न्यूयॉर्कमध्ये आयर्विंग प्लेसजवळ, तो राहायचा त्याच भागात, पीट्स टॅव्हर्न आहे. 'मॅजाय' आमच्याच टेबलावर लिहिली, असं ते सांगतात. कबर नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलला, रिव्हरसाइड दफनभूमीत. वाचक तिथे १ डॉलर ८७ सेंट ठेवून जातात.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त असल्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर सगळे संग्रह फुकट मिळतात. इंग्रजी जरा फुलोऱ्याचं आणि बोलीभाषेने भरलेलं आहे; पहिली दोन पानं अडखळायला होतं, मग लय सापडते.

सुरुवात 'द कॉप अँड द अँथम' ने करावी. थंडीचे तीन महिने तुरुंगात ऊब मिळावी म्हणून सोपी नावाचा बेघर माणूस अटक करून घ्यायला धडपडतो. नंतर 'आफ्टर ट्वेंटी इयर्स', मग 'अ रिट्रीव्हड रिफॉर्मेशन'. हसायचं असेल तर 'द रॅन्सम ऑफ रेड चीफ'. पळवून आणलेला पोरगा अपहरणकर्त्यांना असा पिडतो की त्याचा बापच त्याला परत घ्यायचे अडीचशे डॉलर मागतो. 'द फर्निश्ड रूम' रात्री एकट्याने वाचू नये. 'मॅजाय' आणि 'लास्ट लीफ' ठाऊक असल्या तरी मूळातून वाचाव्यात, कारण आपण ऐकलेल्या सारांशात पैशांचे आकडे गळालेले असतात. डल्सीची गोष्ट या सगळ्यांनंतर घ्यावी, आणि एका बैठकीत दोन-तीनपेक्षा जास्त वाचू नयेत. त्या वर्तमानपत्रात आठवड्याला एक यायच्या, त्याच बेताने त्या चांगल्या लागतात.